बियाण्याच्या पिशवीला टॅग, मग उमेदवाराला का नाही?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाचा भाव, काट्यातली घट आणि ज्वारीची खरेदी या विषयांवर बोलणे झाले. आता मी जो विषय काढणार आहे तो ऐकून काही जण म्हणतील, हा कुठला शहरी विषय आणला? कंपन्या निवडणुकीला पैसा देतात, पुढारी घेतात, त्यात नवीन ते काय? विषय जुनाच आहे. पण आपल्या कार्यकारिणीपुढे या महिन्यात एक प्रस्ताव आला आहे आणि त्यावर आज निर्णय करायचा आहे. प्रस्ताव काय ते शेवटी सांगतो. आधी थोडा हिशोब मांडू.

मी शेतकी कॉलेजात शिकलो. तिथे पहिल्या वर्षी बियाण्याचा कायदा शिकवतात. १९६६ चा कायदा आहे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो. त्यावर वाण, लॉट नंबर, तपासणीची तारीख, वापरण्याची मुदत असते. ज्वारीची उगवण ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर ती पिशवी प्रमाणित म्हणून विकता येत नाही. टॅग लावला म्हणून पीक येतेच असे नाही, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक? पण बियाणे उगवले नाही तर तो टॅग आणि पावती घेऊन तुम्ही तालुक्याला जाऊ शकता. टॅग फाडून फेकला असेल तर तुमची तक्रार सुरू होण्याआधीच संपली.

आता आमदारकीचा उमेदवार घ्या. पाच वर्षांचे पीक आहे. त्याच्याबद्दल आपल्याला काय कळते? सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ साली निकाल दिले, तेव्हापासून त्याला प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. गुन्हे किती, जमीन किती, कर्ज किती, शिक्षण किती, सगळे लिहावे लागते. त्याच्या बायकोच्या अंगावर किती तोळे सोने आहे हे आपल्याला कळते. पण त्याच्या प्रचाराच्या गाड्यांत डिझेल कोणी भरले, हे मतदानाच्या दिवशी कळत नाही. टॅगवर सगळे छापले, पण बियाणे कोणाच्या शेतातले ते झाकून ठेवले, असा हा प्रकार आहे.

मी सही केलेली व्हाउचरे

दुसऱ्याचे सांगण्याआधी माझे सांगतो. डिग्री झाल्यावर काही वर्षे मी एका औषध कंपनीत नोकरीला होतो. कंपनीचे नाव घेत नाही. २००९ ची विधानसभा होती. आमच्या विभागाच्या साहेबाने सांगितले, तीन जिपा दहा दिवस अमुक उमेदवाराकडे पाठवायच्या. डिझेल आपले, ड्रायव्हरचा भत्ता आपला. मी विचारले, कागदावर काय लिहू? साहेब म्हणाला, शेतकरी मेळावा लिही, पीक पाहणी लिही. मी लिहिले. तीस-बत्तीस व्हाउचरांवर माझी सही आहे. त्या दहा दिवसांत एकही मेळावा झाला नाही. एकही बोंड कोणी फोडून पाहिले नाही.

उमेदवार निवडून आला. पुढच्या खरिपात त्याच कंपनीच्या एका औषधाबद्दल तक्रारी आल्या. फवारणी करूनही अळी मरत नव्हती. एक म्हातारा शेतकरी रिकामी बाटली घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला आमदाराकडे पाठवले. तो दोन वेळा जाऊन आला. आमदाराने चहा पाजला, पत्र दिले नाही.

आता नीट ऐका. जिपांमुळेच पत्र मिळाले नाही, असे मी म्हणत नाही. ते मला सिद्ध करता येणार नाही, तुम्हालाही करता येणार नाही. आणि दुखणे नेमके तिथेच आहे. जिपा दिल्याची नोंद कुठेच नाही. ती नोंद नाहीशी करणारा हात माझा होता. त्या म्हाताऱ्याच्या हातात बाटली होती, पण दुसरा कागद मीच खोटा करून ठेवला होता.

ही कहाणी १९५७ पासूनची

कंपनीने राजकारणात पैसा घालावा का, हा प्रश्न आपल्या मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे १९५७ सालीच आला होता. टाटांच्या पोलाद कंपनीला पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. एका भागधारकाने विरोध केला. मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी कायद्यात बंदी नाही म्हणून परवानगी दिली. पण देताना संसदेला बजावले की हा धोका वाढत जाईल आणि एक दिवस लोकशाहीचा गळा आवळील.

१९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. देणग्या थांबल्या का? चेक थांबले. बॅगा सुरू झाल्या. पाटाचे तोंड बंद केले तर पाणी बांध फोडून जाते, तसे झाले. १९८५ साली बंदी उठवली आणि अट घातली: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत द्या आणि कोणाला दिले ते हिशोबात लिहा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ५ चे साडेसात टक्के झाले. तरी मर्यादा होती, नावही होते.

२०१७ च्या अर्थसंकल्पाच्या कायद्यात दोन्ही काढून टाकले. नफ्याची मर्यादा गेली, म्हणजे तोट्यातली कंपनीही पाहिजे तितके देऊ शकते. आणि कोणत्या पक्षाला दिले ते नाव लिहायची अटही गेली. त्याच कायद्याने निवडणूक रोख्यांची वाट मोकळी केली आणि जानेवारी २०१८ मध्ये योजना आली. एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे. फक्त स्टेट बँकेत मिळायचे. घेणाऱ्याचे नाव रोख्यावर नाही. पंधरा दिवसांत पक्षाने वटवायचे.

सांगितले काय, तर देणगीदाराला दुसऱ्या पक्षाचा जाच होऊ नये म्हणून नाव गुप्त ठेवायचे. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. आपल्यातला एखादा आडत्या संघटनेला शंभर रुपये देतो आणि म्हणतो, साहेब, नाव लिहू नका, सभापती खुन्नस काढील. त्याची भीती खरी असते. पण रोख्यात नाव कोणापासून लपले होते? बँक सरकारची. बँकेत नोंद होती. तपास यंत्रणा ती मागवू शकत होती. म्हणजे ज्याच्या जाचाची भीती त्याला नाव कळण्याची वाट उघडी, आणि ज्याने मत द्यायचे त्याच्या डोळ्यांवर पट्टी. कुंपण घातले ते शेतधन्याला बाहेर ठेवायला.

पट्टी सुटली तेव्हा काय दिसले

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना रद्द केली. त्या पाचांत सरन्यायाधीश चंद्रचूड होते आणि आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती गवई होते. न्यायालयाचे म्हणणे सोपे होते. पक्षाला पैसा कोण देते हे कळल्याशिवाय मतदाराला नीट मत देता येत नाही, म्हणून ते कळणे हा त्याचा हक्क आहे. कंपनीची देणगी हा व्यवहार असतो, बदल्यात काही मिळावे म्हणून केलेला. २०१७ चे कंपनी कायद्यातले दोन्ही बदलही रद्द झाले. नाव लिहायची जुनी अट परत आली.

बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली. तोवर लोकसभेची निवडणूक उरकली असती. न्यायालयाने एक दिवस दिला. आधी घेणाऱ्यांची आणि वटवणाऱ्यांची वेगवेगळी यादी आली. मग २१ मार्चला प्रत्येक रोख्याचा नंबर आला आणि कोणाचा पैसा कोणाकडे गेला ते जुळले. एका पिशवीचा लॉट नंबर कळला की ती कोणत्या गोदामातून आली ते कळते, तसेच.

सहा वर्षांत एकूण १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले. एप्रिल २०१९ नंतरच्या यादीत भाजपने ६,०६० कोटी वटवले. तृणमूल १,६०० कोटींच्या आसपास, काँग्रेस १,४०० कोटींच्या वर, तेलंगणातली भारत राष्ट्र समिती १,२०० कोटींच्या वर. म्हणजे एकाच पक्षाकडे बोट दाखवून सुटका नाही. मार्क्सवाद्यांनी रोखे घेतले नाहीत आणि ते न्यायालयातही गेले, हेही नोंदवले पाहिजे. त्यांचे आपले कितीही मतभेद असोत.

सर्वात मोठा खरेदीदार कोण? लॉटरीचा धंदा करणारी फ्युचर गेमिंग ही कंपनी, १,३६८ कोटी. दुसरी मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी, धरणे, कालवे आणि रस्त्यांची कामे घेणारी. हे आकडे आपल्या डोक्यात बसत नाहीत, म्हणून मी त्यांचा कापूस करून पाहिला. २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये. १,३६८ कोटी म्हणजे सुमारे १८ लाख क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर साडेतीन लाख एकरांवरची वेचणी. एका कंपनीची देणगी.

पैसा राज्यात का उतरतो

यादी वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लॉटरीवाल्या कंपनीचा सर्वात मोठा वाटा दिल्लीतल्या पक्षाकडे गेलेला नाही. तो पश्चिम बंगालमधल्या तृणमूलकडे आणि तामिळनाडूतल्या द्रमुककडे गेला. ओडिशात तेव्हा राज्य करणाऱ्या बिजू जनता दलाला, आंध्रात तेव्हा राज्य करणाऱ्या वायएसआर काँग्रेसला शेकड्यांनी कोटी मिळाले. या पक्षांचे खासदार मोजके. मग एवढा पैसा का?

कारण परवाना राज्याच्या हातात असतो. लॉटरी चालू द्यायची की बंद करायची, खाणीचा पट्टा कोणाला द्यायचा, कालव्याचे टेंडर कोणाला सुटायचे, दारूचे दुकान कोणाचे, हे मंत्रालयात ठरते. आपल्या धंद्यात पाहा. बियाणे आणि कीटकनाशक विकायचा परवाना राज्याचे कृषी खाते देते. नमुना कोण काढतो? राज्याचा निरीक्षक. खटला कोण भरतो? तोच. २००९ साली महाराष्ट्राने कायदा करून कपाशीच्या बियाण्याचा भाव ठरवायचा अधिकार स्वतःकडे घेतला होता. डिसेंबर २०१५ पासून तो केंद्राने घेतला. अधिकार जिकडे सरकतो, तिकडे देणगीची गाडी वळते.

म्हणून कंपनीला नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही. माणूस धंद्याला बसला की जिथे सही होते तिथे हात ओला करणारच. सरकारच्या हातात जितक्या सह्या जास्त, तितकी देणगी जास्त. सह्या कमी करा, ही आपली मागणी जुनीच आहे. पण त्या कमी होईपर्यंत सही करणाऱ्याचा हात कोणी ओला केला ते कळले पाहिजे, ही मागणी त्याच्या जोडीला पाहिजे.

चाळीस लाखांचे कुंपण आणि त्यातले खिंडार

आता थेट उमेदवारावर येऊ. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात ४० लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे, २०२२ पासून. त्याआधी, करोनाच्या काळातली तात्पुरती वाढ सोडली, तर २८ लाख होती. तुम्ही हसताय. हसा. तुमच्या गावात किती गाड्या फिरल्या, जेवणावळी किती झाल्या, तुम्हाला ठाऊक आहे.

मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की उमेदवाराच्या माहितीने पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरा. तेव्हाच्या सरकारने घाईने कायदा बदलला: पक्षाने किंवा मित्राने केलेला खर्च उमेदवाराचा नव्हे. म्हणजे कुंपणाला सरकारनेच फाटक बसवले. २००३ साली मित्रांचे फाटक बंद केले. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराचे आणि मोठ्या पुढाऱ्यांच्या दौऱ्यांचे फाटक उघडेच राहिले.

म्हणून कंपनी उमेदवाराला क्वचितच थेट देते. ती पक्षाला देते आणि पक्ष मतदारसंघात उतरवतो. वीस हजारांवरची देणगी असेल तर पक्षाने निवडणूक आयोगाला नाव कळवायचे. वीस हजारांच्या आत असेल तर नाव नाही. मोठी रक्कम असली की निवडणूक न्यास नावाची संस्था मध्ये घालतात. ही व्यवस्था २०१३ ची, आजही चालू आहे. दहा कंपन्यांनी पैसा न्यासात टाकला, न्यासाने पाच पक्षांना वाटला. दोन्ही याद्या जाहीर होतात, पण कोणाचा पैसा कोणाकडे गेला ते कळत नाही. दहा शेतांचा कापूस एका ढिगात टाकला की ओला कोणाचा ते ओळखता येत नाही, हे जिनिंगवाल्याला विचारा.

आणि माझ्या तीन जिपा? त्या यांतल्या कुठल्याच कागदावर येत नाहीत. त्या पीक पाहणीला गेल्या होत्या.

एक रुपयाचा नियम

मग करायचे काय? एक हत्यार आपल्या हातात १९६१ पासून आहे आणि आपण ते कधी उचलले नाही. निकाल लागल्यापासून तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला, पडलेल्यालाही, आपल्या खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे कलेक्टरकडे द्यावा लागतो. त्यात स्वतःचे किती, पक्षाने किती दिले, इतरांनी किती दिले हे वेगवेगळे लिहावे लागते. दिला नाही तर आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. आणि १९६१ च्या निवडणूक नियमांत लिहिले आहे की कोणीही माणूस एक रुपया फी भरून तो हिशोब पाहू शकतो. नकलेची फी वेगळी. वकील नको, मतदार असल्याचा पुरावा नको, ओळख नको. एक रुपया.

२००९ साली मला हे ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्या उमेदवाराच्या हिशोबात जिपा आहेत का, मी पाहिले असते. की नसते पाहिले? खरे सांगतो, नसते पाहिले. व्हाउचरवर माझी सही होती.

पण तुमची सही कुठे नाही. तुम्ही पाहू शकता. गावात किती गाड्या फिरल्या याची वही तुमच्याकडे असेल आणि कलेक्टरकडच्या हिशोबात चारच गाड्या असतील, तर दोन्ही कागद शेजारी ठेवून तक्रार करता येते. निकाल फिरेल असे मी म्हणत नाही. टॅग पाहूनही बियाणे कधी कधी फसतेच. पण पुढच्या वेळी लिहिणाऱ्याचा हात थोडा थरथरेल.

आता आपल्या घरातले

प्रस्ताव असा आहे. पुढच्या विधानसभेला आपल्या जिल्ह्यातून एक उमेदवार उभा करायचा विचार आहे. मागच्या वेळी आपली अनामत गेली. पैसा नव्हता, गाडी नव्हती, शेवटच्या तीन दिवसांत कार्यकर्त्यांनी सायकलीवर गावे केली. आता एका कंपनीच्या माणसाने निरोप पाठवला आहे. गाड्या, मांडव, छपाई, सगळे आम्ही बघतो. अट एकच: नाव कुठे यायला नको.

कार्यकारिणीतल्या दोन जुन्या सहकाऱ्यांचे म्हणणे आहे की घ्यावे. ते लोभी नाहीत. त्यांनी या चळवळीसाठी तुरुंग पाहिला आहे, बैल विकले आहेत. ते म्हणतात, समोरचा कोट्यवधी ओततो, आपण शुचितेच्या गोष्टी करत पडतो, मग कापसाचा प्रश्न विधानसभेत मांडायचा कोणी? मी त्यांना उडवून लावत नाही. रात्रभर मला याचे उत्तर सापडत नव्हते.

सापडले ते एवढेच. कंपनीने उघड द्यावे. संचालक मंडळात ठराव करावा, आपल्या हिशोबात नाव लिहावे, चेकने द्यावे, आपण तो आकडा बैठकीत वाचून दाखवू आणि मग घ्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. पण ज्याला नाव नको आहे, त्याला काही तरी पाहिजे आहे. आज गाड्या घेतल्या आणि उद्या आपला माणूस निवडून आला, तर रिकामी बाटली घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला तो काय देणार? चहा.

म्हणून तीन ठराव मांडतो. पहिला: नाव लिहिता येणार नाही असा एक रुपयाही, एक लिटर डिझेलही संघटनेचा उमेदवार घेणार नाही. दुसरा: आपल्या उमेदवाराच्या जमाखर्चाची वही प्रचाराच्या काळात दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी वाचून दाखवायची. देणाऱ्याचे नाव, रक्कम आणि त्याचा धंदा. शंभर रुपयांचीही. आडत्याला भीती वाटत असेल तर त्याचे शंभर रुपये आपण सोडू. तिसरा: दर तालुक्यातून तीन माणसे नेमायची. पुढच्या विधानसभेत त्यांनी गावोगाव गाड्यांची वही ठेवायची आणि निकालानंतर सगळ्या उमेदवारांचे हिशोब कलेक्टर कचेरीत एक एक रुपया भरून पाहायचे. पहिल्यांदा आपल्या उमेदवाराचा.

या ठरावांमुळे आपली अनामत पुन्हा जाऊ शकते. ते डोळ्यांसमोर ठेवूनच हात वर करा. ज्यांना पटत नाही त्यांनी इथेच उठून बोलावे. बाहेर पानटपरीवर बोलू नये.

माझ्यापुरते सांगतो. तिसऱ्या ठरावातल्या तीन माणसांत माझे नाव घाला. पहिल्या हिशोबाचा रुपया मी भरणार आहे.